भलत्याच पानावर

४ ऑगस्ट, सोमवार

साहेबांच्या हुकमाने लिहायची दैनंदिनी वेगळी. ती शाळेच्या कपाटात असते आणि तिच्यात मी अत्यंत समाधानी बाई आहे. ही वही माझी घरची. हिच्यात खरं लिहायचं ठरवलंय, म्हणजे मुख्यतः शिव्या.

आज आसपासच्या बारा शाळांच्या शिक्षकांची बैठक झाली. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण खुर्ची फिरती. तिच्यात गर्रकन वळून म्हणाले, "यंदा सहकार्यातून गुणवत्ता!" म्हणजे काय, तर शाळांच्या जोड्या लावायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी जमायचं, मधे एकदा एकमेकांच्या वर्गात बसायचं आणि पत्रक भरायचं. तीन चांगल्या गोष्टी, एक सुधारणा. सुधारणेच्या रकान्यात 'फळा थोडा खाली लावावा' असलं काहीतरी निरुपद्रवी लिहायचं असतं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत एवढं शहाणपण खडूबरोबर अंगाला चिकटतंच.

माझ्या वाट्याला आले नदीपलीकडचे मास्तर. पुलाला लागून शाळा म्हणून सगळे त्यांना पूलमास्तर म्हणतात. किडकिडीत, खिशाला शाईचा डाग, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाची सही घेऊन मगच सोडतात.

मी म्हटलं, "मास्तर, माझा वर्ग वाचनात पहिला असतो हं दर वर्षी. तुम्हाला बघण्यासारखं आहे."

"बरं," म्हणाले.

बरं काय बरं!

आमची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत खालचे तीन वर्ग नि मोठे गुरुजी, ज्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि जे आत्तापासूनच सराव करतायत. दुसऱ्या खोलीत मी, चौथी-पाचवीची अठ्ठावीस मुलं, आणि घंटी. घंटी म्हणजे शिंपिणीची धाकटी. आवाज असा खणखणीत की खरी घंटा मोडली तेव्हा आठ दिवस शाळा हिच्या ओरडण्यावर भरली नि सुटली. तीच माझ्या वर्गाला वाचन देते. ती ओळ म्हणते, मागून सगळे. शहरातल्या निवासी शाळेच्या निवड-परीक्षेला यंदा मी तिचं नाव देणार आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अर्ज जायला हवा. आमच्या गावातून आजवर तिथे कुणी गेलेलं नाही. ही जाईल.

गुणीही आहे पोर. नवा धडा आला की म्हणते, "बाई, आधी तुम्ही वाचा ना. तुमच्या आवाजात गोड लागतो." मग एकदा ऐकून स्वतः घडाघडा. नवऱ्याने इतक्या वर्षांत माझ्या आवाजाबद्दल असं काही म्हटलेलं स्मरणात नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

माणूस आहे की पोलीस?

पूलमास्तर आले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. चपला दाराशी काढून सगळ्यात मागे गोणपाटावर बसले, मुलांच्या पाठी. घंटीने सातवा धडा दिला. वर्ग असा गरजला की शेजारच्या खोलीत मोठे गुरुजी जागे झाले. जाताना मास्तर पत्रक ठेवून गेले. इथे जसंच्या तसं उतरवते, कारण मूळ प्रत मी चुरगळली आहे:

चांगल्या गोष्टी: बाईंचा आवाज स्पष्ट आहे. वर्ग स्वच्छ आहे. मुलं धीट आहेत.

सुधारणा: सातवा धडा चालू असताना अठ्ठावीसपैकी एकोणीस मुलांची पुस्तकं भलत्याच पानावर उघडी होती. तरीही एकही मूल अडखळलं नाही.

पानं मोजली! माझ्या वर्गात बसून माझ्या पोरांची पानं मोजली! अहो, खिडकीतून वारा येतो, पानं उलटतात. निदान शेवटचं वाक्य तरी त्यांना कबूल करावं लागलं. एकही मूल अडखळलं नाही. त्यांच्या शाळेत बघते आता जाऊन.

१४ ऑगस्ट, गुरुवार

यांना सगळं सांगितलं. आमचे हे कचेरीत कारकून. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे आवक-जावक म्हणून बघतात. "पत्रक नोंदलं गेलं का?" म्हणाले. नाही म्हटलं. "मग झालंच नाही ते," म्हणाले नि वर्तमानपत्र उघडलं.

संसार असा थंडगार असला की राग नीट शिजत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज माझा दिवस होता!

पूल ओलांडून त्यांच्या शाळेत गेले. मीही मागे बसले. गोणपाटावर नाही, खुर्ची मागून घेतली. गणिताचा तास, अपूर्णांकांची बेरीज. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे, आणि उत्तर दिलं दोन पंचमांश.

मी उभी राहिले. पोरांसमोर बोलू नये हे मला कळतं. तरी बोललेच.

"मास्तर, अर्धा मीटर कापडाला आणखी कापड जोडलं तर ते अर्ध्याहून कमी भरतं का हो तुमच्याकडे? नदीपलीकडे कापड आटतं वाटतं?"

पोरं हसली. मास्तरांनी फळ्याकडे बघितलं. बोटांवर काही मोजलं. मग डस्टर उचललं.

"मुलांनो, मास्तर चुकले. गेली अनेक वर्षं चुकतायत असं दिसतंय. बाई, तुम्ही दाखवता का?"

कानाची पाळीही लाल झाली नाही! माणसाने इतकं शांत असू नये. आपण भांडत राहतो नि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. मग शिकवलं मी. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, सहा घड्या घालायला लावल्या. तीन घड्या म्हणजे अर्धा, दोन घड्या म्हणजे तिसरा भाग, मोजा एकूण. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. मास्तरही पुढच्या रांगेत बसून घड्या घालत होते.

त्यांच्या वर्गात शिस्त मात्र नाही. चौथीतली एक कार्टी घडी घालायची सोडून पट्टीवरची अर्धी बातमी मोठ्याने वाचत बसली. "बाई, पुढचं कुणाच्या पट्टीवर आहे?" म्हणे. मग दुसऱ्या पोराने पुढचं वाचलं. मी दोघांनाही गप्प केलं. पत्रकात सुधारणा म्हणून हेच लिहिलं: मुलं परवानगीशिवाय वाचतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

एकोणीस पानांचा सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून अठ्ठावीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एक साधं वाक्य, पुस्तकाबाहेरचं. काळी शेळी भिंतीवर चढली. मामाने नवी सायकल आणली. असली. एकेकाला टेबलाशी बोलावून वाचायला सांगितलं. निकाल पूलमास्तरांच्या तोंडावर फेकायचा होता.

सात जणांनी वाचल्या.

बाकीचे चिठ्ठीकडे बघून माझ्याकडे बघत होते. एकाने तर काळ्या शेळीच्या जागी सातवा धडाच सुरू केला. घाबरली पोरं, दुसरं काय. परीक्षा म्हटलं की मोठ्यांची दातखीळ बसते.

घंटीचंही आज डोकं दुखत होतं. चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, आधी तुम्ही वाचा ना." मी म्हटलं, बस जागेवर, पाणी पी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घंटीला चष्मा लागलाय असं मला वाटलं. आठवडाभर मी तेच धरून बसले. डोळे बारीक करून बघते, फळ्याजवळ बसूनही शेजारणीला विचारते. शेवटी मीच तिला बाजाराच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"नजर घारीची आहे हो," डॉक्टर म्हणाले. "शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरंसुद्धा सांगितली."

अक्षरं सांगितली. सुटी सुटी.

येताना एस्टी स्टँडच्या बाकावर तिला विचारलं. समोर मोठी पाटी होती, तीन शब्दांची. म्हटलं, ते वाच. तिने एकेक अक्षर सांगितलं, मग थांबली. "जोड की," म्हटलं. ती चपलेच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"ताई वाचायची घरी. मी ऐकायचे. मला एकदा ऐकलं की राहतं."

"आणि आता?"

"आता ताई सासरी गेली ना. म्हणून तर तुम्हाला म्हणते आधी वाचा."

वर्षभर! वर्षभर ही पोर माझ्यासमोर उभी राहून सत्तावीस जणांना वाचन देत होती, आणि मी टेबलाशी बसून मान डोलवत होते. राग कुणावर काढू? तिच्या ताईवर? मोठ्या गुरुजींवर, ज्यांनी खालच्या तीन वर्गांतून तिला अशीच वर ढकलली? त्यांच्यावर काढलाच. म्हणाले, "बाई, मला वाटलं तुम्ही शिकवाल." मला वाटलं होतं त्यांनी शिकवलंय.

पूलमास्तरांवर सगळ्यात जास्त आहे. त्यांना पाऊण तासात दिसलं.

१ सप्टेंबर, सोमवार

सहकार्याची बैठक. चहा, भाषण, फोटो. फोटोत मी नि पूलमास्तर एका पुस्तकात बघतोय. साहेबांनीच उभं केलं तसं.

बाहेर पडल्यावर मास्तरांना पुलावर गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडाला सवय नाही.

"तुम्ही काय जादू करता वाचनाची?" असं विचारलं, जणू जाब विचारतेय.

"जादू कसली? एकेकटं वाचायला लावतो. सगळ्यांनी मिळून वाचलं की दोनचार जण वाचतात, बाकीचे गातात."

"मग त्या दिवशी तसं लिहायचं ना स्पष्ट!"

"रकाना लहान होता," म्हणाले.

पहिल्यांदा हसू आलं मला, आणि त्याचाही राग आला. मग ठरलं. दर बुधवारी ते माझ्या वर्गाला वाचन देतील, मी त्यांच्या वर्गाला गणित. पहिल्या सोमवारची वाट बघत बसलो तर घंटीला नातवंडं होतील.

१० सप्टेंबर, बुधवार

मास्तर मुलांना एकेकटं बोलावतात, बोटाखाली शब्द धरायला लावतात आणि अजिबात मदत करत नाहीत. नुसते थांबतात. पहिल्या बुधवारी मीही वर्गातच थांबले. मला ते थांबणं सहन होईना, दोनदा शब्द सांगून टाकला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघतात तसं.

"बाई, तुम्ही पुलापलीकडे जा," म्हणाले.

गेले.

२४ सप्टेंबर, बुधवार

घंटी आता दोन अक्षरी शब्द जोडते. कानामात्रा आली की घोडं पेंड खातं. तिला सगळ्यात अवघड जातं ते आठवायचं नाही, बघायचं. चौदा जण मात्र सुटले आहेत. तिकडे पुलापलीकडे माझं भागाकाराचं गाडं पार शिखरावर गेलंय, हेही नोंदवून ठेवते, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही.

आणि आजच साहेब आले. जीपमधून, फोटोवाला घेऊन. सहकार्याचे आणखी फोटो हवे होते. माझ्या खोलीत बघतात तर पूलमास्तर.

हे सगळं मोठ्या गुरुजींकडून कळलं. त्यांनी दोघांचे आवाज काढून सांगितलं. झोप पुरी झाली की माणूस गमतीचा आहे.

"तुम्ही इथे कसे?"

"सहकार्य चाललंय, साहेब."

"सहकार्य पहिल्या सोमवारी असतं!"

मी पलीकडून परतले तेव्हा नोटीस टेबलावर होती. कर्तव्याची जागा सोडल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हे म्हणाले, "दवाखान्यात गेले होते असं लिही. दाखला मी आणून देतो. साधं पोटदुखीचं काम आहे."

"आणि मास्तर माझ्या वर्गात काय करत होते? माझं पोट धरत होते?"

मी माझा खुलासा लिहिला. एकच वाक्य: माझ्या वर्गातल्या अठ्ठावीसपैकी एकवीस मुलांना वाचता येत नव्हतं, ते मला वर्षभर कळलं नाही, ज्यांना कळलं त्यांना मी वर्गात बोलावलं आणि त्या बदल्यात त्यांच्या वर्गाला गणित शिकवायला गेले.

यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं.

"हा खुलासा आहे की कबुलीजबाब? अगं, आपण होऊन फासात मान देतं का कुणी?"

 शेवटी म्हणाले, "'अठ्ठावीसपैकी'चा वी ऱ्हस्व झालाय, नीट कर." आणि स्वतः आवक-जावकमध्ये टाकून आले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. माझा खुलासा दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

"बाई, माझा अहवाल वर गेलाय. तुमच्या शाळेत वाचन शंभर टक्के."

"नाही हो साहेब, वाचत नाहीत पोरं."

"कागदावर वाचतात."

"कागदावर काय, फळ्यावरसुद्धा नाही वाचत!"

"तुम्हाला विनोद सुचतायत," म्हणाले. मला विनोद सुचत नव्हता.   शेवटी निकाल लागला: वार्षिक शेऱ्यात लाल शाई, आणि शाळेच्या वेळात शिक्षकाने शाळा सोडल्यास थेट कारवाई. हे सहकार्याच्या शिक्क्याखाली.

आज घरी दोन कप फुटले. एक चुकून.

८ ऑक्टोबर, बुधवार

युक्ती मोठ्या गुरुजींची. मी हे कबूल करते, कारण ही खरी वही आहे. ते पडल्या पडल्या म्हणाले, "शिक्षकाने शाळा सोडायची नाही असं आहे ना? मग शाळाच घेऊन निघा. क्षेत्रभेट म्हणून. वर्षात कितीही करता येतात, मर्यादा कुठेच लिहिलेली नाही."

आज अठ्ठावीस मुलं दोघादोघांच्या रांगेत पूल ओलांडून गेली. नोंदवहीत लिहिलं: क्षेत्रभेट, स्थळ पूल. गेल्यावर तिथल्या एकतीस पोरांत मिसळली. निम्मी मास्तरांकडे वाचायला, निम्मी माझ्याकडे गणिताला, मधल्या सुट्टीत अदलाबदल. ती पट्टीवरची बातमी वाचणारी कार्टी घंटीच्या शेजारी बसली. तिला म्हणते कशी, "घाई कशाला करतेस? शब्द काय पळून जातोय?" घंटीला मी कधी हे म्हटलं नव्हतं. मी नेहमी म्हणायचे, शाब्बास, पुढे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

परवा अर्ज द्यायची शेवटची तारीख. अर्ज भरून माझ्या पिशवीत होता. परीक्षेत न पाहिलेला उतारा असतो, चार पानी. घंटीला एक ओळ वाचायला अजून दोन मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी बसता येतं, पण त्यासाठी पाचवी पुन्हा करायला हवी. हे तिच्या आईला सांगायचं होतं. पाच दिवस मी दुसऱ्या रस्त्याने घरी जात होते.

आज गेले. शिंपीण मशीनवर होती. भिंतीला दोन कोरे गणवेश टांगलेले, निवासी शाळेच्या रंगाचे, वाढत्या अंगाचे. मी सगळं सांगितलं. तिला पटेचना.

"काय बोलता, बाई? रोज संध्याकाळी घडाघडा वाचते की माझ्यासमोर! मी मशीन थांबवून ऐकते."

घंटी दारात उभी होती. शिंपिणीने मशीनच्या तेलाची बाटली उचलली नि तिच्यापुढे धरली. "हे वाच."

घंटीने बोट ठेवलं. खूप वेळ लागला. "मु... लां... मुलां... पा... मुलांपा... मुलांपासून... लांब... ठे... वा."

बरोबर वाचलं. पण आईचा चेहरा उतरत गेला. तिला पहिल्यांदाच कळत होतं की वाचणं असं असतं. बाटलीवरचं ते वाक्य माझ्या कपाळावर छापायला हवं होतं.

"वर्षभर तुम्ही मला सांगितलंत, पहिली आहे, पहिली आहे."

"माझी चूक झाली."

"चूक तुमची, आणि वर्ष तिचं जाणार?"

मला हजरजबाबी म्हणतात. नवरा, जावा, साहेब, सगळ्यांना एकेका वाक्यात गप्प केलंय मी. आज मी पिशवीतला भरलेला अर्ज काढून मशीनवर ठेवला. शिंपिणीने मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

"मी नाही सोडणार तिला तुमच्या भरवशावर," म्हणाली. "नाव नका देऊ यंदा. पण उद्यापासून मी येते शाळेत. मागे बसते. मला नाही येत वाचायला, पण कोण वाचतंय नि कोण नुसतं तोंड हलवतंय ते मला कळेल. माणसं मापाला उभी राहतात ना माझ्याकडे, पोट आत ओढून. सगळं कळतं."

मी म्हटलं, नियमात बसत नाही.

"मग उठवा मला," म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आली. शाळा भरायच्या आधी येऊन बसली, मांडीवर पोलक्यांचा ढीग नि सुईदोरा. मला राग आला. तेवीस वर्षांत माझ्या पाठी कुणी बसलं नव्हतं, आणि आता जो उठतो तो बसतोय. चिडूनच शिकवलं. घंटीला आज वाचन द्यायला उभं केलं नाही. एकेकाला बोलावलं. थांबले. शब्द सांगायला जीभ शिवशिवत होती, दातांखाली धरली. घंटीने पाच ओळी वाचल्या, एकटीने, अडखळत. मागे सुई टाके घालत होती.

मग चौथीतला एकजण उभा राहिला. भराभर वाचलं, छान वाचलं. मी शाब्बास म्हणणार एवढ्यात मागची सुई थांबली.

"बाई," शिंपीण वर न बघता म्हणाली, "हा पुस्तकाकडे नाही, तुमच्या हलत्या ओठांकडे बघतोय."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. शिंपिणीला तिथल्या तिथे बाहेर काढावं असं फार फार वाटलं.

मी तोंडावर पदर घेतला आणि त्या पोराला म्हटलं, "पहिल्यापासून."